प्रवाळखडकावरील अन्नसत्र

नदीकाठच्या देवस्थानी गेले म्हणजे घाटावर बसून माशांना कणकेच्या गोळ्या घालण्याचा परिपाठ आपल्या घरांतून जुना आहे. मुलांस त्यात मौज वाटते आणि वडील मंडळींस पुण्य जोडल्याचे समाधान लाभते. ह्या सद्भावनेची थट्टा करण्याचा आमचा मुळीच हेतू नाही. परंतु हल्ली आपली कुटुंबे सुटीत समुद्रावर जाऊ लागली आहेत. डोळ्यांवर काच व तोंडात श्वासाची नळी धरून पाण्याखालचे जग पाहण्याची सोय झाली आहे, आणि तेथेही दानाचा तोच हात पुढे होतो. तेथे मात्र त्या दानाचा हिशेब निराळा निघतो. तो वाचकांपुढे ठेवावा असे आम्हांस वाटते.

प्रवाळाचा खडक हे एक मोठे खटलेच होय. पोवळ्याचे इवलेसे जीव आपल्या अंगाखाली चुनखडीचे घर बांधीत जातात. त्यावर शेवाळ माजले तर नव्या पोवळ्यांस रुजावयास जागाच उरत नाही. म्हणून ते शेवाळ खाऊन खडक स्वच्छ ठेवण्याचे काम शाकाहारी माशांकडे असते. त्यांपैकी पोपटमासा चोचीसारख्या दातांनी खडकच कुरतडतो, आणि न पचलेली चुनखडी वाळू होऊन त्याच्या पोटातून बाहेर पडते. मोठ्या जातीचा एकच मासा वर्षाकाठी शेकडो किलो वाळू करतो. ज्या शुभ्र वाळूवर प्रवासी मंडळी पाय पसरून बसतात तिच्यातील बराचसा भाग ह्या मार्गाने आलेला असतो. जाहिरातींत ही गोष्ट सहसा सांगत नाहीत! दुसरे काही मासे इतरांच्या अंगावरील कृमी टिपतात. कोणी काय खावे, ह्यावरच हा सारा संसार चालतो.

आता ह्या संसारात बाहेरचे अन्न आले म्हणजे काय होते ते पाहावे. हवाई बेटांपैकी ओआहू बेटावर, होनोलुलू शहराजवळ, हनाउमा नावाचे लहानसे आखात आहे. जुन्या ज्वालामुखीच्या मुखात समुद्र शिरून ते बनले. 1961 सालच्या 'ब्लू हवाई' ह्या बोलपटामुळे त्याची कीर्ती पसरली, आणि 1967 साली सरकारने ते संरक्षित ठरवून तेथील मासेमारी बंद केली. गळाची भीती गेली तसे मासे माणसास बुजेनासे झाले, आणि मग माणसेच लोटली. 1980 नंतरच्या दशकात गर्दीच्या दिवशी 10,000 पर्यंत लोक त्या चिमुकल्या किनाऱ्यावर उतरत. पुष्कळांच्या हाती पाव असे, कोणाच्या हाती गोठविलेले वाटाणे. पाण्यात हात घालताच मासे भोवती गोळा होत.

पण गोळा होणारे मासे कोणते? तेथे 'नेनुए' म्हणून एक अंगाने थोराड, वृत्तीने धीट असा मासा आहे. मूळचा तो शेवाळ खाणारा. पण आयते मिळू लागल्यावर झुंडीने माणसांच्या अंगावर येऊ लागला. आमंत्रण साऱ्या गावास असले तरी पाटांवर दांडगेच बसावेत, तसा हा प्रकार झाला. लाजऱ्या व लहान माशांस पंक्तीच्या जवळही येता येईना. शिवाय पावाचा चुरा आणि हजारो पायांनी ढवळलेली वाळू ह्यांनी पाणी गढूळ होई, व पोवळी पायांखाली तुडविली जात ती वेगळीच. अखेर 1990 साली गर्दीस आळा घालण्याचे उपाय सुरू झाले, 1999 साली माशांना खाऊ घालण्यास बंदी झाली, आणि 2002 पासून पाण्यात उतरण्यापूर्वी प्रत्येकास एक लहानसा बोधपट पाहणे आवश्यक केले गेले. नुसत्या पाटीपेक्षा ही युक्ती आम्हांस अधिक पसंत आहे. पुढे 2020 साली महामारीमुळे ते आखात कित्येक महिने निर्मनुष्य राहिले, तेव्हा पाणी अधिक निवळ झाल्याचे तपासणीत आढळले. पुन्हा उघडताना रोजच्या माणसांवर मर्यादा आली व आठवड्यातून दोन दिवस समुद्रास सुटी मिळाली.

धिटांचे फावते एवढ्यावरच हे थांबत नाही. सिसिलीजवळच्या उस्तिका बेटाभोवती, प्रवाळाच्या नव्हे पण साध्या खडकांत, एक काळपट लहान मासा राहतो. त्याची मादी खडकावर अंडी घालून निघून जाते, आणि नर डोळ्यांत तेल घालून त्यांची राखण करतो. प्रवाशांच्या पावासाठी तेथे दुसऱ्या एका रंगीत जातीचे मासे जमू लागले. पाव संपला तरी ते लगेच पांगेनात. ते जवळच्या घरट्यांतील अंड्यांवर तुटून पडत. एकटा बाप कोणाकोणास हुसकावणार? संशोधकांनी 2006 साली ही हकीकत प्रसिद्ध केली. पाव टाकणारास ह्यातले काहीच दिसत नाही. त्याला दिसतो तो रंगीत माशांचा घोळका.

कॅरिबियन समुद्रातील ग्रँड केमन बेटावर तर पाकट माशाने आपली दिनचर्याच बदलली आहे. हा मूळचा रात्री एकटा हिंडून भक्ष्य शोधणारा प्राणी. प्रवाशांच्या हातच्या माकुलांची चटक लागून तो दिवसा उथळ पाण्यात दाटीवाटीने राहू लागला, आणि तेथल्या पाकटांच्या अंगावर कृमी व नावांच्या जखमा अधिक आढळल्या.

ह्यावर कोणी म्हणेल, होडीवाल्याच्या पोटाचे काय? प्रश्न रास्त आहे. मासे जवळ आले नाहीत तर गिऱ्हाईक नाराज होते. आपल्या मालवणास, सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात, 1987 साली सागरी अभयारण्य जाहीर झाले. तेथेही पाण्यात उतरणाऱ्याच्या हाती पाव देण्याचा प्रघात पाहावयास मिळतो. होडीवाल्यास दोष देणे सोपे आहे. पण पाव मागतो कोण, तर छायाचित्राची घाई झालेले आपणच. ती मागणी थांबली तर तो कशाला पाव विकत घेईल? त्याला मजुरी ठरल्याप्रमाणे द्यावी, पाव परत करावा, आणि पाणी निवळ असेल त्या दिवशी पाव तास हातपाय न हलविता पालथे तरंगत राहावे. प्रथम काहीच दिसत नाही. मग कपारींतून एकेक मासा बाहेर येऊ लागतो, आणि पोपटमासा जवळपास असेल तर त्याच्या खडक कुरतडण्याचा कुडुमकुडुम आवाज पाण्यातही स्पष्ट ऐकू येतो.