फटफटी काढण्यापूर्वी



सकाळी फवारणीच्या औषधासाठी सौंसर, दुपारी विसरलेल्या नोझलसाठी पुन्हा सौंसर, संध्याकाळी किराण्यासाठी तिसरी खेप. संत्र्याच्या हंगामात असे दिवस येतातच. खताचा हिशेब आपण वहीत मांडतो, पेट्रोलचा मात्र मांडत नाही.

एक आठवडा मांडून पाहावा. समजा 100 किलोमीटर झाले व गाडी लिटरला 50 देते, तर वर्षाला 104 लिटर लागले. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे 2.3 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. लिटरभर पेट्रोलचे वजन पाऊण किलो, मग वायू तिप्पट कसा? जळताना पेट्रोलमधील कार्बनला हवेतील प्राणवायू जोडला जातो. ते वजन त्याचे. वर्षाचे झाले सुमारे 240 किलो. हाच वायू उष्णता धरून ठेवतो.

लागणाऱ्या वस्तूंची चिठ्ठी दारामागे टांगावी, शेजारच्यांनाही विचारावे आणि एकच खेप करावी. शेत जवळ असल्यास सायकल बरी. बांधापर्यंत फटफटीने जाणाऱ्या तरुणांच्या पायांनाही काम मिळेल. नागपूरला एकट्याने जाताना आधी बस किंवा रेल्वेची वेळ पाहावी. आपली छोटी लाईन 2015 साली बंद झाली, पण तिच्या जागी मोठी लाईन आली आहे. त्याच वर्षीच्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात पोप फ्रान्सिस यांनी सार्वजनिक वाहनाचा व एकत्र प्रवासाचा मुद्दाम उल्लेख केला होता.

दवाखान्याची खेप मात्र कधीही वाचवू नये. साप चावला किंवा कळा सुरू झाल्या, तर 108 ला फोन करावा. गाडीला उशीर होणार असेल, तर मिळेल त्या वाहनाने निघावे.