पावती कोणाच्या खिशात?

वारणा नदीच्या उत्तरेला सांगली जिल्ह्यातली वाळवा-शिराळ्याची गावं, दक्षिणेला कोल्हापूर जिल्हा. या दोन जिल्ह्यांतल्या ७० गावांत १९९८ मध्ये ‘वायर्ड व्हिलेज’ नावाचा सरकारी प्रकल्प आला. गावागावांत संगणक केंद्रं उघडली आणि ती वारणानगरच्या सहकारी साखर कारखान्याशी जोडली. शेतकऱ्यानं गावात बसून बाजारभाव पाहावेत, सल्ला घ्यावा, जगाशी बोलावं अशी मोठी कल्पना होती. काही वर्षांनी मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधन केंद्रातले राजेश वीरराघवन, नागा यशोधर आणि केंतारो तोयामा तिथं गेले, तेव्हा त्यांना वेगळंच दिसलं. संगणक चालू होते, पण जगाशी फारसं कोणी बोलत नव्हतं. विचारणा ठरावीक होत्या: माझा ऊस किती टन भरला, खत किती उचललं, तोड कधी मिळणार? एवढ्यासाठी गावात संगणक सांभाळणं महाग पडत होतं. मग त्यांनी सात गावांत संगणकाच्या जागी साधा मोबाइल आणला. शेतकऱ्यानं एसएमएस पाठवायचा, कारखान्यात फोन जोडलेला एक संगणक तो वाचून उत्तर धाडणार. आठ महिने ही चाचणी चालली आणि २००७ मध्ये तिचा निबंध प्रसिद्ध झाला.

त्या प्रयोगातली एक गोष्ट मला मोलाची वाटते. प्रत्येक एसएमएस स्वतंत्र होता. आधीच्या निरोपाचं ओझं पुढच्यावर नव्हतं, आणि उसाचा हिशेब राहायचा तो कारखान्याच्या वहीत. एका प्रश्नाला एक उत्तर, एवढ्यावर भागत होतं म्हणून ते चाललं. वेबवर मात्र एवढ्यावर भागत नाही, आणि आपल्या गोष्टीतली अडचण तिथून सुरू होते.

वेब जन्मापासून विसराळू आहे. टिम बर्नर्स-लीनं जीनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत एचटीटीपी हा नियमसंच बांधला तेव्हा त्याला कागदपत्रं वाचायची सोय हवी होती. ब्राउझरनं पान मागायचं, सर्व्हरनं ते द्यायचं आणि विषय संपला. पुढच्या क्षणी तोच ब्राउझर परत आला तरी सर्व्हरला तो अनोळखी. आता समजा, पुण्याहून कराडकडे निघालेल्या बसमध्ये एखादी मुलगी मोबाइलवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरते आहे. नाव भरलं, जात प्रमाणपत्र जोडलं, आणि खंबाटकीच्या घाटात रेंज तुटली. घाट उतरल्यावर फोन पुन्हा जोडला गेला, पण त्याचा इंटरनेटवरचा पत्ता तोच राहील याची हमी नाही. कराडला उतरून ती मैत्रिणीच्या घरच्या वाय-फायवर गेली तर पत्ता बदललाच. शिवाय मोबाइल कंपन्या अनेक फोन एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात, त्यामुळे पत्ता तोच राहिला तरी त्यावरून माणूस ओळखता येत नाही. मग अर्ध्या अर्जाची मालकीण हीच, हे सर्व्हरनं कशावरून ठरवायचं?

या प्रश्नाचं उत्तर मोबाइलवर वेब येण्याच्या आधीच, जून १९९४ मध्ये, कॅलिफोर्नियात सापडलं होतं. नेटस्केप कंपनी तेव्हा नुकतीच उभी राहत होती. लू मोंतुली हा तिथल्या पहिल्या अभियंत्यांपैकी एक, कॅन्सस विद्यापीठात लिंक्स हा अक्षरी ब्राउझर लिहून आलेला. एमसीआय या दूरसंचार कंपनीला वेबवर दुकान थाटायचं होतं, पण ग्राहकाची अर्धवट खरेदी आपल्या सर्व्हरवर साठवत बसायची तिची तयारी नव्हती. सोपा उपाय समोर होता: प्रत्येक ब्राउझरला एक कायमचा क्रमांक देऊन टाकायचा, तो जाईल तिथं आपला क्रमांक सांगेल. मोंतुलीनं तो उपाय मोडीत काढला. असा क्रमांक असला तर जगातल्या साऱ्या संकेतस्थळांना एकच माणूस सगळीकडे ओळखता येईल, त्याचा माग काढता येईल, हे त्याला तेव्हाच दिसलं.

त्यानं केलं ते उसाच्या काट्यावर होतं तसं. वजन झालं की शेतकऱ्याच्या हातात पावती मिळते. ती त्याच्याच खिशात राहते, तो पुन्हा आला की दाखवतो, आणि ती त्याच काट्यावर चालते, शेजारच्या कारखान्यात नाही. मोंतुलीची कुकी हीच पावती होती. सर्व्हरनं उत्तराबरोबर चार अक्षरं द्यायची, ब्राउझरनं ती जपायची आणि फक्त त्याच सर्व्हरला परत दाखवायची. नको असेल तर वापरणाऱ्यानं फाडून टाकायची. त्यानं जॉन जियानान्द्रेआबरोबर नियम लिहिले: एक कुकी चार किलोबाइटपर्यंत, एका सर्व्हरच्या फार तर वीस, ब्राउझरमध्ये एकूण तीनशे. १३ ऑक्टोबर १९९४ ला आलेल्या नेटस्केपच्या पहिल्या चाचणी आवृत्तीत ही सोय होती, आणि वापरणाऱ्यांना ती सांगितलेली नव्हती. १२ फेब्रुवारी १९९६ ला ‘फायनान्शियल टाइम्स’नं लिहिलं तेव्हा कुठं लोकांना कळलं की आपल्या संगणकात गेले सोळा महिने पावत्या साठताहेत. पुढं जाहिरातवाल्यांनी त्यात फट शोधली. पानात दुसऱ्याच सर्व्हरवरचं चित्र घातलं की त्या दुसऱ्यालाही पावती देता येते. १९९७ च्या अधिकृत नियमपत्रात मोंतुली आणि डेव्हिड क्रिस्टल यांनी अशा परक्या कुकी आपोआप स्वीकारू नयेत असं लिहिलं. मोठ्या ब्राउझरांनी ते मानलं नाही. तरीही तोवर पावती माणसाच्याच खिशात होती, हे विसरता कामा नये.

वायरलेसनं नेमकं तेच बदललं.

१९९९ मध्ये नोकियाचा ७११० आला, वॅप या फोनसाठीच्या नियमसंचावर चालणारा पहिला फोन. पडदा बोटभर, स्मृती तुटपुंजी, आणि डेटाचा नेहमीचा वेग सेकंदाला ९,६०० बिट. हिशेब करून पाहा: चार किलोबाइटची एकच कुकी त्या वेगानं पाठवायला जवळजवळ साडेतीन सेकंद लागतात, आणि कुकी तर प्रत्येक मागणीबरोबर जाते. मिनिटावर पैसे मोजणाऱ्या ग्राहकाला हे परवडणारं नव्हतं. म्हणून फोन आणि वेब यांच्या मध्ये मोबाइल कंपनीचा गेटवे बसवला गेला. तो वेबशी एचटीटीपीत बोलायचा आणि फोनशी आखूड वॅपभाषेत. वॅपच्या नियमांत अशीही सोय केली गेली की फोनच्या वतीनं कुकी गेटवेनंच सांभाळाव्यात. फोनवरून आखूड मागणी निघायची, गेटवे तिला त्या ग्राहकाच्या पावत्या जोडून पुढं धाडायचा.

अभियांत्रिकी म्हणून हे चोख काम होतं आणि त्यामागं कोणाचा वाईट हेतू नव्हता. पण पावती शेतकऱ्याच्या खिशातून मधल्या माणसाच्या पेटीत गेली. बँकेचा व्यवहार असला तरी फोनकडून आलेली कुलूपबंद माहिती गेटवेवर क्षणभर उघडून दुसऱ्या कुलपात घालावी लागे. २००६ मध्ये जगभर खुलं झालेलं ऑपेरा मिनी याच वाटेनं गेलं: पान त्यांच्या सर्व्हरवर उघडायचं, दाबून लहान करायचं आणि मग फोनकडे यायचं. टूजीच्या काळात आपल्याकडच्या स्वस्त फोनवर इंटरनेट चाललं ते अशा मध्यस्थांमुळेच. त्यांचे उपकार नाकारायचं कारण नाही.

पुढं फोन मोठे झाले, थ्रीजी आलं, कुकी पुन्हा फोनमधल्या ब्राउझरकडे आल्या. गेटवेची मूळ गरज संपली, पण मधे बसून मजकुराला हात लावण्याची मोबाइल कंपन्यांची सवय गेली नाही.

अमेरिकेतल्या व्हेरायझन कंपनीनं २०१२ पासून आपल्या ग्राहकांच्या वेबमागण्यांत एक ओळ घालायला सुरुवात केली: एक्स-यूआयडीएच हे नाव आणि पुढं अक्षरांची लांबलचक माळ. प्रत्येक ग्राहकाची माळ वेगळी. मोंतुलीनं १९९४ मध्ये नाकारलेला सार्वत्रिक क्रमांक तो हाच. दोन वर्षं याचा बभ्रा का झाला नाही, याचं कारण या शोधकथेचं मर्म आहे. ती ओळ फोन लिहितच नव्हता. मागणी फोनमधून स्वच्छ निघायची आणि वाटेत तिच्यावर शिक्का बसायचा. फोन कितीही उलगडून पाहिला, कुकी पुसल्या, खासगी खिडकी उघडली, तरी काहीच दिसणार नव्हतं. ते पाहायचं तर पलीकडच्या टोकाला, सर्व्हरवर उभं राहायला हवं होतं.

ऑक्टोबर २०१४ मध्ये इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशनच्या जेकब हॉफमन-अँड्र्यूज यांनी याकडे जाहीरपणे बोट दाखवलं. केन व्हाइट या सुरक्षातज्ज्ञानं एक साधं पान तयार केलं. मोबाइल डेटावरून ते उघडलं की सर्व्हरपर्यंत काय पोचलं ते जसंच्या तसं समोर दिसायचं. लोकांनी फोन काढले, पान उघडलं, आणि आपण कधीच न लिहिलेली ओळ वाचली. जानेवारी २०१५ मध्ये स्टॅनफर्डच्या जोनाथन मेयरनं त्याहून वाईट गोष्ट दाखवली: टर्न नावाची जाहिरात कंपनी त्या क्रमांकाच्या आधारानं पुसलेल्या कुकी पुन्हा जिवंत करत होती. माणसानं फाडलेली पावती मधल्याच्या पेटीतल्या नकलेवरून परत छापली जात होती. मार्च २०१६ मध्ये अमेरिकेच्या दूरसंचार आयोगानं व्हेरायझनला साडेतेरा लाख डॉलरचा दंड केला.

आपल्या देशातला शोध या दोन घटनांच्या दरम्यान, जून २०१५ मध्ये लागला. बंगळूरचे प्रोग्रॅमर थेजेश जी. एन. एअरटेलच्या थ्रीजीवरून स्वतःचंच संकेतस्थळ पाहत होते. पानाच्या मुळातला मजकूर त्यांनी उघडला, तर त्यात आपण न लिहिलेला जावास्क्रिप्टचा तुकडा. ती जागा त्यांची होती, पाठवलेलं प्रत्येक अक्षर त्यांना ठाऊक होतं, त्यामुळे हा तुकडा वाटेतच शिरला याबद्दल शंका उरली नाही. व्हाइटचं पान आणि थेजेश यांची तपासणी या दोन्हींत मला एकच रीत दिसते: ज्याच्या हातात दोन्ही टोकं होती, त्यालाच मधला हात दिसला. थेजेश यांनी पुरावा गिटहब या कोड मांडण्याच्या संकेतस्थळावर ठेवला. काही दिवसांतच फ्लॅश नेटवर्क्स या इस्रायली कंपनीच्या वतीनं मुंबईच्या वकिलांची नोटीस आली. आमचा कोड प्रसिद्ध करून तुम्ही गुन्हा केलात, असा तिचा सूर. गिटहबवरचा मजकूरही उतरवायला लावला. एअरटेलनं सांगितलं की हे ग्राहकाला डेटाचा वापर कळावा म्हणून आहे. ज्याच्या पानात परका तुकडा घुसला त्यालाच नोटीस यावी, याचा राग मला आजही येतो. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अ‍ॅक्सेस नाऊ या संस्थेनं मोबाइल कंपन्यांच्या शिक्क्यांचा अहवाल काढला. असे शिक्के दहा देशांत सापडले आणि त्यांत भारत होता.

वायरलेसचा दुसरा धोका मोबाइल कंपनीचा नव्हे, शेजारी बसलेल्या माणसाचा. ऑक्टोबर २०१० मध्ये एरिक बटलरनं सॅन दिएगोच्या परिषदेत फायरशीप नावाचं जोडसाधन मांडलं. उघड्या वाय-फायवर इतरांच्या कुकी हवेतून उचलायच्या आणि एका टिचकीसरशी त्यांच्या फेसबुक खात्यात शिरायचं. पासवर्ड लागतच नव्हता, कारण पावती दाखवणारा तो मालक. पासवर्ड कुलुपातून जायचा आणि त्यानंतरची कुकी उघडी, हा दोष जाणकारांना वर्षानुवर्षं ठाऊक होता. बटलरनं तो कोणालाही वापरता येईल इतका सोपा करून कंपन्यांना भाग पाडलं. त्यानंतर तीन महिन्यांत फेसबुकनं पूर्ण वेळ एचटीटीपीएसची, म्हणजे कुलूपबंद एचटीटीपीची, सोय दिली. मिरज जंक्शनवर गाडीची वाट पाहताना स्थानकाच्या फुकट वाय-फायवर आज बँकेचं पान उघडता येतं, त्यामागं या उपद्व्यापाचाही वाटा आहे.

मधल्या हातावरचा इलाजही तोच ठरला. पान एचटीटीपीएसनं आलं की फोनपासून सर्व्हरपर्यंत सारं बंद पाकिटात जातं. मोबाइल कंपनीला त्यात ओळ घालता येत नाही की तुकडा घुसवता येत नाही. अडचण त्यासाठी लागणाऱ्या प्रमाणपत्रांची होती, ती बहुतेकदा विकत घ्यावी लागत. डिसेंबर २०१५ मध्ये लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेनं ती सर्वांना फुकट द्यायला सुरुवात केली. तिच्यामागचा सर्व्हर लिहिणाऱ्यांत हॉफमन-अँड्र्यूज होते, वर्षापूर्वी शिक्क्याकडे बोट दाखवणारे तेच.

सातारा-सांगलीत आज छोट्या पतसंस्था, दूध संघ, बाजार समित्या आपापली संकेतस्थळं काढतात, आणि ती बहुतेक मोबाइलवरच उघडली जातात. ती बांधून देणाऱ्या प्रत्येक तरुणाला माझं सांगणं आहे: साइट एचटीटीपीएसवरच ठेव. लॉगिनच्या कुकीवर ‘सिक्युअर’ आणि ‘एचटीटीपी-ओन्ली’ या दोन खुणा कर, म्हणजे ती उघड्या वाटेनं जाणार नाही आणि पानात घुसलेल्या तुकड्यालाही वाचता येणार नाही. कुकीत नाव-नंबर भरू नको, नुसती अर्थहीन खूण ठेव. रेंज तुटली म्हणून अर्धा अर्ज वाया जाऊ देऊ नको.

आणि व्हाइटचा प्रयोग सांगलीच्या वालचंद महाविद्यालयातल्या किंवा कराडच्या अभियांत्रिकीतल्या कोणालाही एका दुपारी करता येईल. आलेली मागणी जशीच्या तशी छापणारं साधं एचटीटीपी पान स्वतःच्या सर्व्हरवर ठेवायचं. ते एकाच फोनवरून आधी घरच्या वाय-फायवर आणि मग प्रत्येक कंपनीच्या मोबाइल डेटावर उघडायचं, आणि मिळालेल्या याद्या ओळीला ओळ लावून ताडायच्या. मोबाइल डेटाच्या यादीत एखादी जास्तीची ओळ निघाली, तर ती फोननं लिहिलेली आहे की वाटेत कोणी, हे तपासायला घ्यायचं.