वालुमक्षिकेच्या पोटात

एके काळी बिहार व आसाम येथे हजारोंचा बळी घेणाऱ्या काळ्या आजाराचे जंतू डासाहूनही लहान अशी वालुमक्षिका पसरविते. मादीने रोग्याचे रक्त शोषले की, ते तिच्या पोटात जातात. तेथे त्या वाटोळ्या जंतूंना चाबकासारखा तंतू फुटतो व त्यांची संख्या वाढू लागते. परंतु दंशानेच रोग होतो, हे संशोधकांना वर्षानुवर्षे सिद्ध करता येईना. पुढे रक्तानंतर माशीला मनुका खाऊ घातल्या, तेव्हा जंतू इतके माजले की तिचा घसाच तुंबला! अशी माशी चावताच जंतू जखमेत उतरतात. १९४२ साली पाच स्वयंसेवकांनी हे दंश जाणूनबुजून सोसले, त्यांना रोग जडला आणि कोडे सुटले. ज्ञानाचे मोल असेही द्यावे लागते.