तक्ता भरला, तुळई राहिली

सत्र संपत आलं की अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या स्टाफरूममध्ये एकच विचारणा सुरू होते: 'सीओ-पीओ झालं का?' सीओ म्हणजे विषय शिकल्यावर विद्यार्थ्याला काय करता यायला हवं, याची पाच-सहा वाक्यं. पीओ म्हणजे पदवीधराकडून असलेल्या व्यापक अपेक्षा. जून २०१४ मध्ये भारत अभियांत्रिकी पदव्यांच्या परस्पर मान्यतेच्या वॉशिंग्टन कराराचा कायम सदस्य झाला आणि एनबीए या मानांकन मंडळाच्या मूल्यांकनात या दोहोंच्या जोडणीला मोठं वजन आलं. म्हैसूर असो की सांगली, जोडणीचा तक्ता तोच.

म्हैसूरला मात्र हा विचार नवा नाही. शैक्षणिक उद्दिष्टांची उतरंड मांडणारं बेंजामिन ब्लूम यांचं पुस्तक १९५६ चं. त्यानंतर लवकरच परीक्षा सुधारणेसाठी ब्लूम भारतात आले. १९६३ मध्ये म्हैसूरला एनसीईआरटीचं प्रादेशिक शिक्षण महाविद्यालय निघालं, आजची आरआयई. इथल्या चार वर्षांच्या अभ्यासक्रमात विषय आणि अध्यापन एकत्र शिकवतात, आणि संस्थेची स्वतःची शाळाही आहे. भावी शिक्षकाला अपूर्णांक शिकवता येतात का, हे पाहायला कोष्टक लागत नाही. तो फळ्यासमोर उभा राहतो, मागच्या बाकावर प्राध्यापक वही घेऊन बसतात. मुलानं चुकीचं उत्तर दिल्यावर हा काय करतो, तिथे सगळं कळतं.

अभियांत्रिकीत असा मागचा बाक कुठला? तिथे बेरजेवर भागवतात. समजा, 'दिलेल्या भारासाठी आरसीसी तुळईचं संकल्पन करता येईल' असं एक सीओ आहे. वर्गात ६० मुलं. त्या सीओखालच्या प्रश्नांत निम्मे गुण मिळवणारी ४५, म्हणजे ७५ टक्के. कॉलेजनं ७० टक्क्यांची रेघ आखलेली असली, की पातळी ३, सर्वोच्च. आता प्रश्नपत्रिका काढून बघा. १० पैकी ६ गुण व्याख्येला आणि आकृतीला, ४ गुण उदाहरणाला. सळ्या किती, कोणत्या जाडीच्या, हे एकाही मुलानं न ठरवता वर्ग अव्वल ठरू शकतो. तक्त्यात खोट काही नाही. खोट प्रश्नात आहे. तपासणी समितीपुढे फाइल नीट लागते, म्हणून तिकडे कुणी फिरकत नाही.

२०१८ मध्ये तंत्रशिक्षणाची नियामक संस्था असलेल्या एआयसीटीईनं परीक्षा सुधारणेचं धोरण आणलं, तेही बोट प्रश्नपत्रिकेवरच ठेवतं. पण संलग्न महाविद्यालयातल्या शिक्षकाची पंचाईत खरी आहे. सीओ शिकवायचं त्यानं, अंतिम पेपर काढायचा बेळगावच्या व्हीटीयू या विद्यापीठानं नेमलेल्या कुणा अनोळखी परीक्षकानं. दोघांची गाठ पडत नाही. ही सबब म्हैसूरच्या दोन जुन्या महाविद्यालयांना, १९४६ च्या एनआयईला आणि १९६३ च्या एसजेसीईला, आता सांगता येणार नाही. स्वायत्तता मिळाल्यापासून तिथे पेपर घरचाच. तुळईचं उदाहरण १० पैकी ८ गुणांचं करायला विद्यापीठाचं परिपत्रक लागत नाही. विभागाची एक बैठक पुरते. पहिल्या वर्षी निकाल घसरेल आणि पातळी ३ ची १ होईल. त्या १ चं उत्तर व्यवस्थापनाला द्यायची विभागप्रमुखाची तयारी हवी.