'आदिम' म्हणजे सर्वांत जुना का? ग्रीक समुद्रदेवतांची वंशावळ वाचताना

भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्यांना 'टेथिस' हे नाव पाठ असतं. हिमालय उभा राहण्याआधी भारतीय भूखंड आणि आशिया यांच्यामध्ये जो महासागर होता, त्याला एडुआर्ड स्युस या ऑस्ट्रियन भूवैज्ञानिकाने १८९३ मध्ये दिलेलं हे नाव. ही टेथिस ग्रीक पुराणकथांतली, ओकेआनोसची बहीण आणि पत्नी. तिच्याबद्दल शोधायला गेलात की इंटरनेटवर लगेच वंशावळीचा एक सुबक तक्ता सापडतो. वर गाया, पोंटोस, थालासा, मध्ये ओकेआनोस आणि टेथिस, मग नेरेउस, आणि सर्वांत खाली 'नव्या पिढीचा' पोसायडन.

आज या तक्त्याबद्दलच बोलायचंय, कारण तो कुठल्याही एका ग्रीक कवीचा नाही. वेगवेगळ्या शतकांतल्या लेखकांची विधानं एकत्र शिवून तो बनलाय, आणि शिवण कुठेच दिसत नाही. लिटरेचर रिव्ह्यू करताना आपल्याही हातून नेमकं हेच होऊ शकतं.

तक्त्याचा मोठा भाग हेसिओडच्या 'थिओगोनी'मधला आहे, साधारण इ.स.पू. ७०० चा. त्यात गाया, म्हणजे पृथ्वी, कोणाच्याही संगाशिवाय पोंटोसला जन्म देते. नंतर युरेनसपासून, म्हणजे आकाशापासून, तिला टायटन होतात आणि त्यांत ओकेआनोस आणि टेथिस येतात. इथे जरा थांबा. आपल्याला दोन्ही 'समुद्र'च वाटतात, पण ग्रीकांसाठी ते वेगळे होते. पोंटोस म्हणजे खारा समुद्र, जिथे काही पिकत नाही. ओकेआनोस म्हणजे पृथ्वीभोवती वळसा घालून वाहणारी नदी, सगळ्या नद्यांचा बाप. मराठीत दोघांनाही 'सागरदेव' म्हटलं की हा फरक गेलाच.

आता होमर. 'इलियड'च्या १४व्या सर्गात हेरा म्हणते, मी देवांचं मूळ असलेल्या ओकेआनोसला आणि माता टेथिसला भेटायला निघाले आहे. म्हणजे इथे सुरुवात पृथ्वीपासून नाही, पाण्याच्या जोडीपासून आहे! हेसिओडच्या मांडणीशी हे जुळत नाही. (गंमत म्हणजे हेरा त्या वेळी चक्क थाप मारत असते. पण थाप पटायची तर तिच्यातला तपशील ऐकणाऱ्याच्या ओळखीचा असावा लागतो.) ही कल्पना आली कुठून? बॅबिलोनियन 'एनुमा एलिश'ची सुरुवातही अप्सू आणि तिआमत या दोन पाण्यांच्या मिसळण्याने होते. वॉल्टर बुर्कर्ट यांनी तर टेथिस हे नावच तिआमतवरून आलं असावं, असं सुचवलं. मला कथेच्या रचनेतलं साम्य वजनदार वाटतं. नावांच्या उच्चारातलं साम्य मात्र एकटं पुरावा म्हणून लंगडं आहे.

मग थालासा? हेसिओडच्या वंशावळीत ती देवता म्हणून नाहीच. हिगिनसच्या नावावर असलेल्या एका लॅटिन ग्रंथात, म्हणजे किमान सातशे वर्षांनी, 'मारे' (समुद्र) ही ईथर आणि दिवस यांची मुलगी म्हणून येते आणि पोंटोसपासून तिला माशांच्या जाती होतात. तक्ता काढणाऱ्यांनी या 'मारे'चं ग्रीक भाषांतर करून तिला हेसिओडच्या पोंटोसशेजारी नेऊन बसवलं. नेरेउसचंही असंच काहीसं. होमर त्याचं नाव कुठेच घेत नाही, फक्त 'समुद्रातला म्हातारा' म्हणतो. हीच उपाधी 'ओडिसी'त प्रोटेउसला आणि फोर्किसलाही आहे.

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा पोसायडनचा. तक्त्यात तो तळाला, म्हणून आपण समजतो की त्याची उपासना सर्वांत उशिरा सुरू झाली. पण १९५२ मध्ये मायकेल व्हेंट्रिसने लिनिअर बी लिपी उलगडली आणि पायलोसच्या राजवाड्यातल्या मातीच्या पाट्या वाचता आल्या. सुमारे इ.स.पू. १२०० च्या या पाट्यांवर पोसायडनचं नाव आहे, आणि त्याला द्यायच्या गहू, वाइन, बैल, चीज, मध यांची नोंदही आहे. म्हणजे हेसिओडच्या आधी पाचशे वर्षं! 'आदिम' हा शब्द कथेतला क्रम सांगतो. पुराव्याचं वय ही वेगळी गोष्ट आहे.

भाषेचा पुरावा आणखी तिसरंच काही सांगतो. 'पोंटोस' हा शब्द संस्कृत 'पन्थाः'चा नातलग, म्हणजे आपल्या 'पंथ'चाही. लॅटिनमध्ये त्याच मुळापासून पुलासाठीचा 'पोन्स' आला. मूळ अर्थ वाट, ओलांडायची जागा. 'थालासा'ला मात्र अशी खात्रीची इंडो-युरोपीय व्युत्पत्ती सापडत नाही. अनेक अभ्यासक हा शब्द ग्रीकपूर्व भाषेतून आलेला मानतात. तसं असेल तर जी वंशावळीत सर्वांत उशिरा शिरली, तिचं नाव त्या किनाऱ्यांवर ग्रीक भाषेच्याही आधीचं ठरेल.

तर असा तक्ता हाती आला की प्रत्येक रेषेवर पेन्सिलने दोन गोष्टी लिहा: हे कोणी म्हटलं आणि साधारण कधी. मग पोंटोस आणि थालासा यांना जोडणाऱ्या रेषेवर हिगिनस येईल, ओकेआनोसच्या वर गाया की कोणीच नाही यावर हेसिओड आणि होमर भांडतील, आणि पोसायडनपाशी कवीऐवजी राजवाड्यातल्या कारकुनाची नोंद लिहावी लागेल.