टोपी, हातविणीची
लोकरीचा किंवा सुती धागा दोन सुयांवर अथवा आकडीच्या सुईने (क्रोशाने) टाक्यात टाका अडकवून विणलेले डोक्याचे आच्छादन. यातील प्रत्येक टाका हा धाग्याचा सैल वळसा असल्यामुळे वीण ताणली जाते व पुन्हा आकसते. म्हणूनच ही टोपी बंदांवाचूनही डोक्यावर घट्ट बसते. इंग्लंडमध्ये अशा टोप्यांचा धंदा इतका मोठा होता की, त्याच्या रक्षणार्थ १५७१ मध्ये रविवारी व सणावारी लोकरी टोपी घालण्याची सक्ती करणारा कायदा झाला. १५९७ मध्ये तो रद्द झाला. भारतात सुयांवरील विणकामाचा प्रसार मुख्यत्वे एकोणिसाव्या शतकात मिशनरी स्त्रियांनी केला. महाराष्ट्रात बाळासाठी त्याआधीपासून कापडाची शिवलेली कुंची होतीच; लोकरीचे टोपडे तिच्या जोडीला आले.

दख्खनी मेंढीची लोकर आखूड व भरड असते. तिची घोंगडी उत्तम होतात, पण टोपी कपाळाला टोचते. त्यामुळे धनगरांची वस्ती असलेल्या गावांतही विणणाऱ्या स्त्रिया बाजारातील मऊ गुंडेच आणतात. औंढा नागनाथ (जि. हिंगोली) व एकूणच मराठवाड्यात कडक थंडी जेमतेम दोन महिने असते. रात्रीच्या विजेवर गहू-हरभऱ्यास पाणी देणाऱ्या शेतकऱ्याला कानटोपी लागते खरी. पण यंत्रावर विणलेली टोपी स्वस्त मिळते. हातविणीला येथे धंद्याचे रूप येणे कठीण. छंद म्हणून मात्र ती टिकते, आणि त्या छंदाचे नेहमीचे निमित्त म्हणजे घरात येणारे बाळ.

विणण्यापूर्वी त्याच धाग्याचा व सुयांचा लहान नमुना विणून टाके मोजावेत. नवशिके हीच पायरी गाळतात आणि टोपी डोळ्यांवर उतरते. १० सेंमी. मध्ये २० टाके बसत असतील, तर ५६ सेंमी. घेराच्या डोक्यासाठी सु. १०४ टाके घालतात. टोपी घेरापेक्षा थोडी लहानच हवी. काठाला दोन सुलट, दोन उलट अशी वीण घेतात, कारण ती अधिक ताणते. सु. १३ सेंमी. उंची झाल्यावर टाक्यांचे आठ भाग करून एक ओळ सोडून एक प्रत्येक भागातील एक टाका कमी करतात. शेवटी उरलेल्या आठ टाक्यांतून धागा ओवून आवळतात व बाजूची शिवण घालतात.

नवजात बाळाच्या डोक्याचा घेर सु. ३४ सेंमी. असतो. शरीराच्या एकूण पृष्ठभागाचा जवळजवळ एक-पंचमांश भाग डोक्याचा असल्यामुळे तेथून बरीच उष्णता जाते; कमी वजनाच्या बाळाला आईच्या छातीशी धरून ठेवण्याच्या कांगारू पद्धतीतही टोपी घालतात. तथापि बाळ-बाळंतिणीला जेथे शेगडीचा शेक देतात, तेथे धाग्याची पारख महत्त्वाची ठरते. बाजारात ‘लोकर’ म्हणून मिळणारा पुष्कळसा धागा ॲक्रिलिकचा असतो. तो आगीने वितळून कातडीला चिकटतो. धाग्याचा लहान तुकडा चिमट्यात धरून जाळून पाहावा: अस्सल लोकरीला जळक्या केसांचा वास येतो व तिची राख बोटांनी चुरडते, ॲक्रिलिकचा मात्र कठीण मणी होतो. बाळाच्या टोपीला लांब नाड्या किंवा सैल गोंडा लावू नये, आणि खोली उबदार असताना झोपलेल्या बाळाच्या डोक्यावर ती ठेवू नये.