चारही ऋतूंचा टायर : अर्धशतकाचा मागोवा

इसवी सन १९७७ मध्ये ओहायो राज्यातील अॅक्रन येथील गुडइयर कंपनीने ‘टिएम्पो’ नावाचा रेडियल टायर विक्रीस काढला, तेव्हा उत्तर अमेरिकेच्या थंड प्रदेशात मोटार बाळगणाऱ्या कुटुंबांचा वर्षातून दोनदा करावा लागणारा एक खटाटोप संपण्याची चिन्हे दिसू लागली. कारण तोवर थंडीची चाहूल लागली की जाड, खोल खाचांचे हिमटायर चढवायचे, वसंतात ते उतरवून गॅरेजच्या कोपऱ्यात रचून ठेवायचे आणि प्रत्येक खेपेची मजुरी निमूटपणे मोजायची, असा तिथला शिरस्ता होता. एकाच संचावर बारा महिने गाडी चालेल, हे आश्वासन म्हणूनच लोकांच्या मनास भिडले. त्या आश्वासनाचे पुढे काय झाले, आणि ज्याला वेग हवा, वळणावर तत्पर प्रतिसाद हवा आणि शिवाय हिमवर्षावात सुखरूप घरी पोहोचण्याची हमीही हवी, अशा चोखंदळ मोटारधारकासाठी निघालेल्या ‘हाय-परफॉर्मन्स ऑल-सीझन’ टायरांची निवड या अर्धशतकात कशी पालटत गेली, हे क्रमाने पाहण्यासारखे आहे.

हा टायर मुळात शक्य झाला तो रेडियल रचनेमुळे. फ्रान्समधील मिशेलिन कंपनीने १९४६ साली जिचे पेटंट घेतले, त्या रचनेत सांगाड्याचे धागे तिरपे एकमेकांना छेदत न जाता एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात आणि नक्षीच्या खाली पोलादी पट्टा बसविलेला असतो. त्यामुळे कडा लवचीक राहूनही रस्त्याला टेकणारा, जेमतेम तळहाताएवढा भाग सपाट व स्थिर राहतो. युरोपने ही रचना लवकर स्वीकारली. अमेरिकन कारखानदारांचे भांडवल मात्र जुन्या यंत्रसामग्रीत गुंतलेले असल्याने त्यांनी बराच काळ तिच्याकडे पाठ फिरविली, आणि १९७० च्या लिंकन कॉन्टिनेंटल मार्क थ्री या मोटारीबरोबर मिशेलिनचे रेडियल टायर कारखान्यातूनच बसवून येऊ लागले, हीदेखील तेव्हा नवलाची वार्ता ठरली. पुढे १९७३ चे तेलसंकट कोसळले, आणि लोळताना कमी ऊर्जा गमावणारा हा टायर इंधनाची बचत करतो, हे उमगताच सर्व विरोध मावळला.

त्याच संकटाच्या सबबीवर जानेवारी १९७४ मध्ये ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची, राष्ट्रीय वेगमर्यादा कायद्याने लागू झाली, आणि ती अमलात असतानाच, १९८० च्या दशकात, वेगवान मोटारींसाठी रुंद व बुटक्या कडेचे टायर लोकप्रिय होत गेले, ही त्या काळाची मोठी विसंगती होय. गुडइयरच्या ‘ईगल जीटी प्लस फोर’सारख्या टायरांनी त्या रुंदीला हिमासाठी खाचांची जोड दिली. वेगाच्या अक्षरांनाही याच सुमारास महत्त्व आले: ‘एच’ म्हणजे ताशी २१० किलोमीटरपर्यंत, ‘व्ही’ म्हणजे २४० पर्यंत. ही अक्षरे म्हणजे वेगाचा परवाना नव्हे. टायरची बांधणी उष्णतेला किती तोंड देते याचा तो दाखला आहे, आणि जो आपल्या उभ्या आयुष्यात त्या वेगाच्या जवळपासही जाणार नाही, त्यालाही वळणावर जाणवणारी स्थिरता याच बांधणीतून मिळते. मोटारीबरोबर आलेल्या अक्षरापेक्षा खालच्या अक्षराचा टायर केवळ किमतीच्या मोहाने घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे.

परंतु त्या आरंभीच्या टायरांची उणीव नक्षीत नव्हती, द्रव्यात होती. रबर थंडीत ताठरते आणि उष्णतेत सैलावते. उन्हाळी टायराचे मिश्रण तापमान सुमारे ७ अंश सेल्सिअसच्या खाली गेले की कडक होऊन पकड गमावू लागते, आणि काही अतिवेगवान उन्हाळी टायर तर गोठणबिंदूखाली वापरल्यास त्यांना तडे जाण्याचा धोका असतो, अशी सूचना खुद्द निर्मातेच देतात. उलट हिमटायराचे मऊ मिश्रण जुलैच्या तापलेल्या डांबरावर लवकर झिजते आणि वळणावर लिबलिबीत वाटते. या दोन टोकांमधील मधला मार्ग शोधणे हेच ऑल-सीझन टायराचे प्रयोजन. आणि जोवर रबराला बळकटी देण्याचे मुख्य काम एकट्या काजळीकडे होते, तोवर हा मध्यममार्ग दोन्हीकडून तोट्याचाच राहिला. मिशेलिनने १९९२ साली सिलिकामिश्रित टायर बाजारात आणला आणि हा हिशेब बदलला. सिलिका म्हणजे वाळूच्याच कुळातील अतिसूक्ष्म चूर्ण. ते रबराशी सहजासहजी मिसळत नाही, त्यासाठी सिलेन नावाचे जोडरसायन घालून, नेमक्या तापमानावर, कष्टाने घोटावे लागते. पण एकदा ते बसले की ओल्या रस्त्यावरील पकड वाढते आणि लोळण्यातील ऊर्जानाशही घटतो, म्हणजे ज्या दोन गुणांपैकी एक वाढवताना पूर्वी दुसरा गमवावा लागे ते दोन्ही एकत्र नांदू लागतात. जाहिरातींनी नेहमी नक्षीचे, खोल खाचांचे आणि बाणाकृती रेषांचे गुणगान केले. परंतु आजचा उत्तम ऑल-सीझन टायर १९८० च्या दशकातील टायरापेक्षा श्रेष्ठ ठरला असेल, तर त्याचे मोठे श्रेय रसायनशाळेत अनाम राहिलेल्या मिश्रणकारांना दिले पाहिजे, असे मी मानतो.

ग्राहकाच्या मदतीस सरकारही आले, आणि त्या मदतीचे मोल व मर्यादा दोन्ही समजून घेणे इष्ट आहे. संघराज्याच्या हुकुमान्वये टायराच्या कडेवर झिजेचा अंक, ओल्या रस्त्यावरील पकडीची श्रेणी आणि उष्णतेची श्रेणी कोरलेली असते. झिजेची परीक्षा टेक्सासमधील सॅन अँजेलो शहराच्या परिसरातील सार्वजनिक रस्त्यांवर एकूण ७,२०० मैल गाड्या चालवून होते. प्रमाण टायरास १०० अंक धरून त्याच्या तुलनेत नव्या टायराचा अंदाज बांधला जातो, आणि अंतिम अंक निर्माताच जाहीर करतो. म्हणून एकाच कंपनीच्या दोन टायरांची तुलना करण्यास हा अंक बरा. दोन भिन्न कंपन्यांच्या टायरांमध्ये ५०० मोठा की ६००, या वादात शिरण्यात फारसा अर्थ नाही. पकडीची परीक्षा तर केवळ ओल्या डांबरावर व काँक्रीटवर सरळ रेषेत चाक रोखून घेतली जाते. वळणाचा किंवा हिमाचा तिच्याशी काही संबंध नाही.

याहून अधिक गैरसमज पसरला तो ‘एम अँड एस’ या शिक्क्याने. चिखल आणि हिम यांचा निर्देश करणारा हा शिक्का खाचांच्या भूमितीवर, म्हणजे नक्षीत रिकामी जागा किती आहे यावर मिळतो. हिमावर प्रत्यक्ष चाचणी देण्याची अट त्यात नाही. अगणित लोकांनी या दोन अक्षरांच्या भरवशावर डोंगराळ घाट चढण्याचे साहस केले असेल. १९९९ साली टायर-उद्योगाने तीन शिखरे व हिमकण यांचे चिन्ह आणले, तेव्हा प्रथमच प्रत्यक्ष चाचणीचा आधार आला: दाबलेल्या हिमावर वेग घेताना प्रमाण टायरापेक्षा किमान १० टक्के अधिक ओढ दाखविणारा टायरच या चिन्हास पात्र. तरीही बर्फाच्या काचेवर गाडी किती अंतरात थांबेल, हे तेही चिन्ह सांगत नाही.

दरम्यान अमेरिकी टायर-उद्योगाचे केंद्र असलेल्या खुद्द अॅक्रनचे वैभव ओसरले. तेथील जनरल टायर १९८७ साली जर्मनीच्या कॉन्टिनेंटलकडे गेली, फायरस्टोन १९८८ साली जपानच्या ब्रिजस्टोनकडे, आणि गुडरिचचा टायरव्यवसाय १९९० साली मिशेलिनकडे; मोठ्यांपैकी गुडइयर तेवढी उरली. आज या वर्गात ग्राहक ज्यांची नावे प्रथम घेतो, त्या मिशेलिनच्या ‘पायलट स्पोर्ट ऑल सीझन’ आणि कॉन्टिनेंटलच्या ‘एक्स्ट्रीमकॉन्टॅक्ट’ या मालिका परदेशी घराण्यांच्याच. कॉन्टिनेंटलच्या या टायरवर डी, डब्ल्यू, एस अशी तीन अक्षरे नक्षीतच कोरलेली असतात, कोरडा रस्ता, ओला रस्ता आणि हिम यांची. झिजेबरोबर प्रथम हिमाचे अक्षर पुसते, मग पावसाचे. कायद्याने बहुतेक राज्यांत खाच १.६ मिलिमीटर उरेतो टायर चालतो, पण हिमावरील पकड त्याच्या पुष्कळ आधी संपते, ही गोष्ट इतक्या प्रामाणिकपणे ग्राहकाच्या डोळ्यांसमोर ठेवणारी दुसरी युक्ती माझ्या पाहण्यात नाही.

महाराष्ट्रातून तिकडे जाऊन स्थायिक झालेल्या आपल्या लोकांना साचलेल्या पाण्याची पारख असते. मुसळधार पावसात चाक पाण्यावर तरंगू लागते, हे त्यांना सांगावे लागत नाही. थंडीने रबर आतून बदलते, ही गोष्ट मात्र आपल्याकडच्या अनुभवात नाही, आणि म्हणूनच त्यांनी निवड करताना हिमाच्या जाडीपेक्षा तापमानाकडे अधिक पाहावे. टेक्सासमध्ये किंवा कॅरोलायनाच्या सपाट भागात हाय-परफॉर्मन्स ऑल-सीझन पुरेसा, किंबहुना उत्तम. न्यू जर्सीत हिम पडताच रस्ते साफ होतात आणि कचेरीचे काम घरून करण्याची मुभा असेल, तर तेथेही तो चालेल. मिनेसोटात किंवा बफेलोच्या सरोवरी हिमात मी तो सुचविणार नाही. क्यूबेक प्रांताने तर २००८ पासून हिवाळी टायर कायद्यानेच सक्तीचे केले आहेत. सौम्य आणि कडक हिवाळ्याच्या या दोन टोकांमध्ये राहणाऱ्यांसाठी मिशेलिनच्या ‘क्रॉसक्लायमेट’सारखे, हिमकणाचे चिन्ह मिळविणारे ‘ऑल-वेदर’ टायर गेल्या दशकात पुढे आले; त्यांची वळणावरील चपळता किंचित कमी, पण जानेवारीतील भरवसा अधिक.

अलीकडे विजेच्या मोटारींनी या वर्गापुढे नवा पेच टाकला आहे. बॅटरीमुळे वजन जास्त, आणि मोटारीचा जोर क्षणार्धात चाकावर येतो, त्यामुळे झिजेचा जुना प्रश्न पुन्हा अग्रभागी आला असून भार पेलण्याची क्षमता, आवाज आणि लोळण्याचा विरोध ही तीन परिमाणे निवडीच्या यादीत वर सरकली आहेत. जी गाडी बारा महिने चालवायची, तिच्यासाठी दुकानदारास भारांक अवश्य विचारावा, कडेवरील चार अंकी शिक्क्यावरून निर्मितीचा आठवडा व वर्ष पाहून घ्यावे, आणि खर्चाच्या अडचणीमुळे दोनच टायर घ्यायचे झाले, तर मोटार पुढच्या चाकांनी ओढली जाणारी असली तरी नवे टायर मागील चाकांवरच बसवून घ्यावेत. ओल्या वळणावर मागची बाजू सुटली, तर ती सावरणे सामान्य चालकाच्या हाती राहत नाही.